समुद्रांतून येणारी हांक

जयगडचें दीपगृह १९३२ सालचें. तांडेलास किनारा कोठें आहे हें तें अजून सांगत आहे. तांडेल कोठें आहे हें मात्र किनाऱ्यास कोण सांगणार? २०२१ च्या ऑक्टोबरांत येथूनच मासेमारीस गेलेली 'नावेद २' ही नौका खलाशांसह बेपत्ता झाली. एवढ्या अफाट पाण्यांत शोध घ्यावयाचा तरी कोठें?

इस्रोच्या संकटसूचक यंत्राची कळ दाबतांच नौकेचें स्थान उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रास कळतें. हें यंत्र २०१० पासून वापरांत आहे. पण आपली हांक पोंचली कीं नाहीं, हें बुडणाऱ्यास कळत नसे. २०२४ च्या सुधारलेल्या यंत्रांत तें उत्तर येतें, आणि यंत्रास मोबाईल जोडल्यास वादळाची सूचना स्वभाषेंत वाचतां येते. आम्हांस त्या उत्तराचेंच मोल अधिक वाटतें. ऐकणारा कोणी आहे असें कळलें म्हणजे माणूस धीर सोडीत नाहीं.

त्याच वर्षीं ऑगस्टांत पालघर येथें १ लक्ष नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. मासा कोठें सांपडतो हें गुपित फुटेल, म्हणून यंत्र बंद ठेवण्याचा मोह एखाद्या मालकास होईल. (मोह मनुष्यस्वभावास धरूनच आहे!) पण पोटासाठीं नौकेवर चढलेल्या खलाशास असें अदृश्य करण्याचा अधिकार मालकास कोणीं दिला? निघण्यापूर्वीं डिझेल आणि बर्फ पाहतात, तशी यंत्राची बॅटरीही पाहावी. आणि कळ कशी दाबावी हें सर्वांत धाकट्या खलाशासही शिकवावें. तांडेलच बेशुद्ध पडला, तर ती त्यालाच दाबावी लागेल.