टाकीचा तळ

जुन्या मोटारीचे कौतुक करणारी माणसे तिच्या इंजिनाविषयी बोलतात, रंगाविषयी बोलतात, क्वचित तिच्या भोंग्याविषयीही बोलतात. परंतु तिच्या पेट्रोलच्या टाकीविषयी कोणी चार शब्द बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. टाकी बिचारी मागे, अंधारात राहते. झाकण उघडावे, पेट्रोल ओतावे, झाकण लावावे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. आत काय चालले आहे, हे पाहण्याची तसदी कोण घेतो?

माझ्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात अशा मोटारी तयार होत. टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या वेषात मुंबईकरांनी ही गाडी वर्षानुवर्षे पाहिली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिला निरोप दिला. आमची पद्मिनी मात्र चिपळुणात आहे. आणि चिपळूणचा पाऊस ज्याने पाहिला असेल, त्याला तेथे लोखंडाची काय दशा होते हे सांगावयास नको. वडिलांच्या पश्चात ती काही वर्षे छपराखाली नुसती उभी होती. निवृत्तीनंतर मी तिला पुन्हा रस्त्यावर आणले.

गावात ती शहाण्यासारखी वागे. परंतु कुंभार्ली घाटाची चढण लागली की आचके देऊन थांबे. दहा मिनिटे विसावा दिला की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई! एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने कार्ब्युरेटर उघडला, तिसऱ्याने नवा पंप बसवला. शेवटी गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही.

"थांबल्यावर किती वेळाने सुरू होते, सर?"

"दहा मिनिटांनी."

"मग दुखणे पुढे नाही, मागे आहे."

त्यांचे म्हणणे असे. टाकीतून पेट्रोल ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड तळाशी असते. चढणीवर इंजिनाला पेट्रोल अधिक लागते, पंप जोराने ओढतो, आणि तळचा गाळ येऊन त्या तोंडाशी चिकटतो. इंजिन उपाशी पडून थांबते. ओढ थांबली की गाळ सुटून खाली बसतो आणि वाट मोकळी होते. दहा मिनिटांचे कोडे इतके सोपे होते!

पण बंद टाकीत गाळ आला कोठून? मुलांनो, टाकीही श्वास घेते. दिवसा उन्हाने आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते. रात्री ती गार होऊन आकसली की बाहेरची दमट हवा आत शिरते. त्या हवेतील बाष्पाचे थंड पत्र्यावर दव जमते आणि थेंब ओघळून खाली जातात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर पेट्रोलचे सुमारे पाऊण किलो. म्हणून पाणी पेट्रोलाच्या खाली जाऊन बसते आणि तेथे पत्रा गंजू लागतो. टाकी जितकी रिकामी, तितकी हवा अधिक आणि दवही अधिक. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते, जुना मळ सोडवते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही मानवत नाही.

टाकी उतरवण्याचे काम मिस्त्रींनी भर अंगणात काढले. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती खड्ड्यात, खोलगट जागी साचून राहते. बॅटरीची तार आधी सोडवली. उरलेले पेट्रोल हातपंपाने काढले. नळी तोंडाने ओढण्याची जी चाल आहे तिचा त्यांना मनस्वी राग. पेट्रोल छातीत गेले तर फुप्फुसे सुजतात आणि जिवावर बेतते.

मग साबणाच्या गरम पाण्याने धुणे सुरू झाले. पहिले पाणी चहासारखे तांबूस निघाले. त्यानंतर मिस्त्रींचा साहाय्यक, विशीतला एक तरुण, 50 नट मोजून टाकीत टाकू लागला. थोडे पाणी घालून दोघांनी ती गोणपाटावर इकडून तिकडे लोळवली. काय तो खडखडाट! शेजारची माणसे कुंपणाशी जमली. नट बाहेर काढून मोजले, तर 49. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून एक आडवी पत्री असते. तिच्यामागे तो पन्नासावा दडून बसला होता. तो हाती येईपर्यंत पाऊण तास गेला, पण मिस्त्रींनी पुढचे काम सुरू करू दिले नाही.

चिकट गंजासाठी लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली. आजी चिंचेने तांब्याची घागर लख्ख करते, तसाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी आत पत्रा रुपेरी दिसू लागला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले आणि लगेच ऊन व गरम वारा देऊन टाकी सुकवली. कारण उघडा पडलेला ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा पिवळा पडतो.

एक बारीक भोक मात्र निघाले. तरुण म्हणाला, "वस्ताद, वेल्डिंगचा एक ठिपका मारतो. टाकी कोरडी तर आहे."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली. सारी कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. तरुणपणी दुसऱ्या गावी, आठ दिवस उन्हात वाळवलेल्या एका टाकीला त्यांनी ज्योत लावली होती. त्यांचा हात भाजला. टाकी धरून बसलेल्या सोबत्याचा डोळा गेला. पत्र्याच्या सांध्यांत मुरलेले पेट्रोल तापले की त्याची वाफ होते, आणि हवेत शेकडा दीड भाग वाफ असली तरी ती भडकते.

"भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला मी जास्त भितो, सर," ते म्हणाले.

मग टाकीत पाणी भरून भोक तेवढे वर ठेवले आणि दूर तापवून आणलेल्या तांब्याच्या कांबीने डाख लावला. या कामाला सारी दुपार लागली. तरुण घड्याळाकडे पाहत होता. पण टाकी त्याने घट्ट धरली होती.

आता पंपाच्या अलीकडे एक पारदर्शक फिल्टर बसवला आहे, आणि मे महिना संपण्यापूर्वी टाकी भरून ठेवण्याचा माझा नेम आहे. परवा बाजारातून येताना मिस्त्रींच्या अंगणात तोच खडखडाट ऐकू आला. कोणाची तरी टाकी उतरली होती. तरुण नट मोठ्याने मोजत होता, आणि मिस्त्री बाकावर डोळे मिटून ऐकत होते. "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास..." म्हणून तो थांबला, टाकीत डोकावला आणि न सांगता ती पुन्हा उपडी करू लागला.