कझानमधली वही

आमचा भाचा कझानला एमबीबीएस करतो. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे शिकतात, त्यामुळे हे नाव आमच्या घरात नवं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं नवराबायको मॉस्कोहून रात्रीच्या ट्रेनने तिथे पोहोचलो. क्रेमलिनच्या पांढऱ्या तटाआड कुल शरीफ मशिदीचा निळा घुमट दिसला आणि आपण रशियात आहोत हेच विसरायला झालं. दुकानांवर ‘हलाल’च्या पाट्या होत्या. मेट्रोत स्टेशनचं नाव रशियन, तातार आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पुकारत होते.

“इथे भाषेचं बरं चाललंय,” आम्ही म्हणालो.

“मामू, चार वर्षांत मला रशियन शिकावीच लागली,” भाचा म्हणाला. “तातारवाचून एकदाही अडलं नाही.”

कुल शरीफची आजची इमारत 2005 साली खुली झाली. मूळ मशीद 1552 मध्ये इव्हान चौथ्याने शहर जिंकलं तेव्हा गेली आणि कुल शरीफ हे इमामही त्या लढाईत मारले गेले. पुढे दोनशे वर्षांनी राणी कॅथरीनच्या परवानगीने दगडी मर्जानी मशीद उभी राहिली. तिथे आम्ही जुहर अदा केली. 1803 पासून याच शहरात कुरआन शरीफ छापला जाऊ लागला. कझानची छपाई दूरदूरच्या मुस्लिम मुलखांत जात असे. म्हणजे अरबी लिपी इथे पाहुणी नव्हती, घरचीच होती.

भाचा ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो त्या बाई सत्तरीच्या आहेत. आम्ही त्यांना नानी म्हणू लागलो. दूध घातलेला चहा आणि मधात घोळलेलं चक-चक समोर आलं. आम्ही “शुक्रिया” म्हणालो, तर त्यांनी “रहमत” म्हणायला शिकवलं. तातारीत धन्यवादाला हाच शब्द आहे. किताब, दुनिया, कलम हे शब्द ओळखीचे निघत गेले तशी नानींची कळी खुलली. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो हे कळताच त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या.

वही त्यांच्या आजोबांची होती. अरबी लिपी, पण भाषा तातार. नानींना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. आम्हाला अक्षरं वाचता येत होती, पण अर्थ कळत नव्हता. मग आम्ही अडखळत वाचायला लागलो. चुकीच्या स्वरांनी उच्चारलेला शब्द नानी दोन-तीनदा पुटपुटायच्या, दुरुस्त करायच्या आणि भाच्याला रशियनमध्ये सांगायच्या. तो आम्हाला उर्दूत सांगायचा. एका ओळीत ‘बाला’ आलं. उर्दूतल्या ‘बला’च्या आठवणीने आम्ही जरा बिचकलो. नानी हसल्या आणि नातीकडे बोट दाखवलं. बाला म्हणजे मूल. अरे, आपलं मराठी बाळच की!

पुढे होतं: रजब 1345, मुलगी झाली. ती मुलगी म्हणजे नानींची आई. भाच्याने मोबाइलवर हिशेब केला, जानेवारी 1927. नानी गप्प झाल्या. आईच्या सरकारी कागदांवर उन्हाळ्यातली तारीख होती आणि आयुष्यभर घरात तीच धरली गेली. वही घरात असून इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

कसं कळणार? ती मुलगी शाळेत गेली तोवर सोव्हिएत सरकारने अरबी लिपी काढून लॅटिन आणली होती. 1939 मध्ये तीही गेली आणि रशियनची सिरिलिक लिपी आली. बाप आणि मुलगी एकाच घरात, एकच भाषा बोलणारे, पण एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येईना. सोव्हिएत संघ मोडल्यावर तातारस्तानने पुन्हा लॅटिन आणायचं ठरवलं, तर 2002 मध्ये मॉस्कोने कायदाच केला की रशियातल्या प्रजासत्ताकांच्या राजभाषा सिरिलिकमध्येच लिहायच्या.

नात चौथीत आहे. तिच्या शाळेत तातार आठवड्याला फार तर दोन तास, तेही पालकांनी लिहून दिलं तर. 2017 पर्यंत तातारस्तानच्या शाळांत ती सगळ्यांना सक्तीची होती. रशियन पालकांची तक्रार होती की आमच्या मुलांवर हे ओझं का. एक शिक्षक म्हणून ती तक्रार अगदीच खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण सक्ती उठली ती फक्त तातारची. रशियनला पर्याय कुणी ठेवला नाही. शाळेनंतरची मोठी परीक्षा 2009 पासून केवळ रशियनमध्येच होते. मग आईबाप काय लिहून देणार? अनेक तातार शिक्षकांना दुसरा विषय शिकून घ्यावा लागला. हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या उर्दू शाळेतही दर जूनला पट मोजताना धाकधूक असते. पण आमच्याकडे मुलं नेतात ते पालक, कायदा नाही.

नानी नातीशी तातारमध्ये बोलत होत्या आणि ती रशियनमध्ये उत्तर देत होती. वाचन सुरू झाल्यावर मात्र ती शाळेची वही घेऊन जवळ येऊन बसली. नानी म्हणतील तो शब्द सिरिलिकमध्ये लिहायची, मधेच थांबून अर्थ विचारायची.

सहा पानं झाली आणि ट्रेनची वेळ झाली. आता भाचा दर आठवड्याला एका पानाचा फोटो पाठवतो. रविवारी फज्रनंतर आम्ही ते पान मोठ्याने वाचून आवाज पाठवतो. मागच्या पानावर कुणाकुणाला किती पीठ उसनं दिलं त्याचा हिशेब होता.