दोन पाईप

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. मी ठणठणीत आहे. 2025 च्या एप्रिल-मेमध्ये इंग्लंडला धाकट्याकडे राहून आलो, तेच लिहायचं राहून गेलं होतं. तिथे काय पाहिलंत, असं सगळे विचारतात. खरं सांगू? दोन पाईप बदलताना पाहिले!

त्याच्याकडे शिडाची एक सव्वीस फुटी नाव आहे. 1974 सालची, फायबरची, जुनी घेतलेली. साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीच्या काठी एका यार्डात हिवाळाभर ती टेकू लावून जमिनीवर उभी होती. पाण्यात उतरवण्याआधी पाईप बदलायचे होते.

नावेच्या मागच्या बाजूला सुकाणू धरून बसायला खोलगट जागा असते. पावसाचं किंवा लाटेचं पाणी जायला तिथे तळाशी दोन भोकं असतात. त्यांना जोडलेले पाईप नावेच्या पोटातून जाऊन पाण्याच्या पातळीखाली बाहेर निघतात. टोकाला एकेक कॉक. गंमत म्हणजे हे पाईप फुलीसारखे जातात, डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. वाऱ्याने नाव कलली की खालच्या अंगाच्या भोकातून समुद्र उलटा वर येऊ नये म्हणून ही युक्ती.

"कॉक बंद ठेवत नाहीस का?" मी विचारलं.

"मग पावसाचं पाणी जाणार कुठून? नाव बांधून आम्ही घरी जातो तेव्हाही ते उघडेच. दीड इंची पाईप पाण्याखाली फूटभरावर निसटला, तर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं."

म्हणजे दहा बादल्या! मी हिशेब केला.

पाईप तर मला चांगले दिसत होते. त्याने एक वाकवून दाखवला. क्लिपेजवळ केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. क्लिपही वरून चकचकीत आणि खालच्या बाजूने गंजलेली. "हात लावला नसता तर कळलंच नसतं," तो म्हणाला.

मग तो बाकाखालच्या कप्प्यात डोकं खाली घालून शिरला. माझ्याकडे बॅटरी आणि गरम पाण्याचा थर्मास. जुना पाईप ओढून काढायचा नाही, खालची तोटी मोडायची भीती. सुरीने उभा चिरून सोलायचा. नव्या पाईपचं टोक गरम पाण्यात धरायचं, मऊ झालं की भांड्याचा साबण लावून तोटीवर चढवायचं. प्रत्येक टोकाला क्लिपा दोन.

मी वरून ढकलत होतो, तो खालून ओढत होता. दिसत होते फक्त त्याचे पाय. मध्येच आतून आवाज आला,

"बाबा, त्या दिवशी तुम्ही फोन का बंद केलात?"

कोणता दिवस, हे विचारायची गरज नव्हती. मे 2020. ही गेली तेव्हा विमानं बंद होती, तो येऊ शकला नाही. पुतण्याने व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. मीच तो हातातून घेऊन बंद केला.

"मला वाटलं, मी आलो नाही म्हणून तुम्ही रागावलात."

पाच वर्षं हा मुलगा असं समजून होता! त्या काळात आम्ही दर आठवड्याला बोलत होतो. हवा, पाणी, गुडघे. सगळं व्यवस्थित.

"नाही रे," मी म्हणालो. "तू तिकडे एकटा रडत होतास. मला बघवेना."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "बाबा, ढकला." मी ढकललं. बॅटरीचा उजेड जरा हलत होता, तो काही बोलला नाही. त्या कप्प्यात तोंड लपलेलं होतं म्हणून त्याला विचारता आलं असावं. समोरासमोर बसून आम्हाला ते जमलं नसतं.

चार दिवसांनी क्रेनने नाव पाण्यात उतरवली. पट्टे सोडण्याआधी तो आत जाऊन प्रत्येक क्लिपेभोवती कोरडा कागद फिरवून आला. एका ठिकाणी कागद किंचित ओला झाला, तिथे स्क्रूला पाव फेरा दिला. मग मी वरून दोन बादल्या ओतल्या, पाणी भसकन निघून गेलं. दोन्ही कॉकांजवळ त्याने दोरीने एकेक निमुळता लाकडी बूच बांधून ठेवला आहे. पाईप दगा देईल तेव्हा ठोकून बसवायला.

सांगलीला परत आल्यावर ओट्याखाली वाकून गॅसची नळी पाहिली. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. आमची मुदत उलटून दोन वर्षं झाली होती! दुसऱ्या दिवशी बदलून घेतली. मंडळी, तुम्हीही आज वाकून बघा.