क्यूब पास झाला तेव्हा

दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा घेतला, कारण कॉम्प्युटरला नंबर लागला नाही. तंत्रनिकेतनातली तीन वर्षं एकाच आशेवर काढली, की पुढे कुठेतरी एसीत बसून ऑटोकॅडवर ड्रॉइंग करू. नोकरी लागली ती पिंपरी-चिंचवडच्या कडेला, एका इमारतीच्या साइटवर, टेक्निशियन म्हणून. नातेवाइकांना मी ‘इंजिनिअर’ सांगायचो. लग्नकार्यात कुणी खोलात शिरलं की जेवणाच्या रांगेकडे सटकायचो.

काम काय, तर आलेल्या काँक्रीटचा स्लंप घ्यायचा, म्हणजे माल किती घट्ट-पातळ ते मोजायचं, ताकदीच्या चाचणीसाठी क्यूब भरायचे, सळयांमधलं अंतर ड्रॉइंगशी ताडून बघायचं, कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का पाहायचं आणि सगळं रजिस्टरला चढवायचं. मला ही निव्वळ कारकुनी वाटायची. गवंडी, फिटर, सेंटरिंगवाले सगळे अंदाजपंचे काम करणारे आणि नियम काय तो मलाच ठाऊक, अशी माझी पक्की समजूत. साठीला आलेल्या गवंडी मिस्त्रींना मी अरेतुरे करायचो आणि ते मला ‘साहेब’ म्हणायचे. आमच्या घरात वडीलधाऱ्यांशी असं बोललो असतो तर कानाखाली बसली असती.

मिस्त्री औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागात नवी घरं उभी राहिली, त्या कामांवर ते गवंडीकाम शिकले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, असली घरं त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर बसली होती. हे मला इतरांकडून कळलं. मिस्त्री स्वतः तिरसट, कामापुरतं बोलणारे.

मे महिन्यातल्या एका दुपारी स्लॅब होता. काँक्रीटची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली. स्लंप घेतला, जरा कमी भरला, पण चालण्याजोगा होता. त्याच मालातून दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरून बाजूला ठेवले. मग पंपवाला ओरडायला लागला, “माल घट्ट आहे, लाइन चोक होईल, पाणी सोडा.” मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ड्रममध्ये पाइप सोडला गेला. किती पाणी गेलं ते कुणी मोजलं नाही. मीही नाही.

हे का करायचं नसतं, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी पुरतं, वरचं पाणी माल हाताळता यावा म्हणून. ते नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. पाणी वाढलं की ताकद घटते. माल घट्टच असेल तर प्लँटच्या माणसाकडून ॲडमिक्स्चरचा डोस वाढवून घ्यायचा, नाहीतर गाडी परत पाठवायची. गाडी परत पाठवायला धमक लागते, आणि तिचा पेपर नव्हता.

28 दिवसांनी क्यूब फोडले. एम 25 चं काँक्रीट, सरासरी ताकद चौरस मिलिमीटरला 31 न्यूटन आली. प्रोजेक्ट मॅनेजरांनी चारचौघांत पाठ थोपटली. त्या खुशीत मी मिस्त्रींनाही सांगायला गेलो. ते विटांवर पाणी मारत होते. पाइप खाली न ठेवताच म्हणाले, “डब्यातला माल पास झाला, साहेब. पाणी तुम्ही डबे भरल्यावर सोडलं. उद्या छताला भेगा पडल्या की लोक आमच्या प्लॅस्टरला नावं ठेवणार. तुमची फाइल कपाटात.”

आधी राग आला. ह्याला काय कळतं, हेच पहिलं मनात आलं. तसाच ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडलं. वेळ, गाडीचा नंबर, स्लंप, क्यूबवरच्या खुणा, सगळं बिनचूक. एकही ओळ खोटी नव्हती, आणि तरी ते पान धादांत खोटं होतं. डोक्यावर जो स्लॅब राहणार होता, त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ज्याला मी अंदाजपंचे म्हणत होतो, त्या माणसाने खालून उभ्याउभ्या कशानंतर काय झालं ते टिपलं होतं. न मोजता पाणी सोडायला मान हलवणारा मी होतो. काम कारकुनी आहे म्हणून मी नाक मुरडायचो. खरं तर मीच ते कारकुनी करून ठेवलं होतं. एसीतल्या खुर्चीवर डोळा असलेल्या माणसाला स्लॅब म्हणजे आणखी एक एन्ट्री.

वरिष्ठांना लगेच सांगितलं नाही. नोकरीची भीती होतीच. शिवाय मिस्त्री खरे ठरले तर, हीसुद्धा होती. दुसरी भीती जास्त लाजिरवाणी. शेवटी सांगितलं. तपासणीसाठी स्लॅबमधून कोअर, म्हणजे नळकांड्यासारखे नमुने, काढले. आयएस 456 प्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के भरावी लागते आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली चालत नाही. आमचे बसले, पण काठावर. मला सपाटून बोलणी बसली.

मिस्त्रींना पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं, तेव्हा कुणाला हाक मारली म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

पुढे एका स्लॅबला मी खरोखरच गाडी परत पाठवली. पंपवाल्याने शिव्या घातल्या, ठेकेदाराने फोनवर फोन केले, दुसरी गाडी येईपर्यंत अंधार पडला आणि हॅलोजन लावून काम उरकावं लागलं. शाबासकी कुणी दिली नाही. मिस्त्रींनीही नाही. त्यांची गावची गाडी चुकली होती.