बारीक झालीस गं!

संक्रांतीला माझं वजन ७८ किलो होतं, गौरी आल्या तेव्हा ६१. मधल्या काळात जो भेटेल तो एकच म्हणायचा, "बारीक झालीस गं!" बँकेत काउंटरपलीकडून ओळखीच्या खातेदार म्हणाल्या, सांगलीच्या गणपती पेठेत किराणा घेताना शेजारणी म्हणाल्या, ब्लाउज आत घेताना शिंपीदादा म्हणाले. खातेस काय, असं विचारलं तेही "आम्हालाही सांग की" म्हणून. त्याच महिन्यांत माझे केस गळत होते, पाळी थांबली होती आणि पित्ताशयात खडे धरत होते. कौतुकाची इतकी गर्दी होती की आजाराकडे कुणाचं लक्ष जायला जागाच नव्हती.

वजन उतरवायला हवं होतं, यात शंका नाही. माझं वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, काम दिवसभर खुर्चीतलं. दुसऱ्या बाळंतपणात वाढलेलं वजन तसंच राहिलं होतं. वडिलांना मधुमेह आणि माझीही उपाशीपोटीची साखर काठावर आलेली. आमच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत सहा-सात किलो कमी करा, असं सांगितलं होतं. जिममधल्या प्रशिक्षकानं मात्र एक छापील चार्ट हातात ठेवला. सकाळी लिंबू पिळलेलं कोमट पाणी. अकराला दोन उकडलेली अंडी, पिवळं काढून. दुपारी ज्वारीची एक भाकरी, बिनतेलाची पालेभाजी, काकडी. चारला सफरचंद. साडेसहाला दुधीचं सूप आणि मग दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत काहीच नाही. तेल, तूप, शेंगदाणे, डाळी, दूध, भात सगळं बंद. वर तासभर व्यायाम.

पहिल्या आठवड्यातच काटा तीनेक किलो खाली आला आणि घरात आनंदीआनंद झाला. त्यातलं बरंचसं पाणी होतं हे मला फार नंतर समजलं. यकृत आणि स्नायू मिळून पाव ते अर्धा किलो साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवून ठेवतात आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तुटलं की आधी हा साठा वापरला जातो, पाणी निघून जातं. चरबी एवढ्या झपाट्यानं वितळतच नाही. पण त्या आकड्यानं चार्टवरचा सगळ्यांचा विश्वास पक्का केला.

मार्चअखेर बारा किलो उतरले. एप्रिलात सांगलीत पंख्याशिवाय बसवत नाही, आणि मी रात्री पंखा बंद करून चादर घेऊन झोपायला लागले. मुलं उकाड्यानं उठून बाहेरच्या खोलीत जायची. बसून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. स्वयंपाकाच्या ओढीचं काय सांगावं! रात्री सगळे झोपले की मी मोबाइलवर पाककृती बघत बसायची. पुरणपोळी, बटाटेवडे, बेसनाचे लाडू, एकामागून एक. रविवारी दोन-दोन पक्वान्नं करून सगळ्यांना आग्रहानं वाढायची आणि समोर बसून त्यांचे घास बघायची. सगळ्यांना वाटे, काय निग्रह आहे हिचा.

या वागण्याचा अर्थ मला एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचल्यावर लागला. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात होरपळलेल्या उपाशी लोकांना पुन्हा खातं कसं करायचं ते त्याला शोधायचं होतं. हे तरुण स्वखुशीनं आले होते. त्यांना दिवसाला सरासरी १६०० च्या आसपास कॅलरी मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. ते चिडचिडे झाले, उदास झाले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली, नाडी मंदावली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली, ताटं चाटली, दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कीजनं हे सगळं १९५० मध्ये दोन जाड खंडांत छापलं. मी ती १६०० कॅलरींची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला त्याच्या निम्म्यासुद्धा मिळत नव्हत्या. माझा चिडकेपणा, मुलांवर उगाच उठणारा हात, व्हाउचर तपासताना होणाऱ्या चुका, या सगळ्याला घरात आणि बँकेत स्वभाव म्हटलं जात होतं. तो उपाशी मेंदू होता.

केस मे महिन्यात गळायला लागले. विंचरताना मूठभर हातात यायचे. शरीराला मोठा ताण बसला की बरेचसे केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. त्यामुळं कारण आणि परिणाम यांची सांगड कुणालाच लागत नाही, सगळे तेल आणि शाम्पू बदलायला सांगतात. पाळी जूनमध्ये चुकली, जुलैत आलीच नाही. एक मावशी म्हणाल्या, "बरंय की, सुटलीस." यावर मला अजूनही राग येतो, कारण ते सुटणं नव्हतं. खाणं अगदी तुटपुंजं झालं की मेंदूतून बीजकोशांकडे जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं आणि त्याच्याबरोबर हाडांची ताकदही जाते. उत्पन्न घटल्यावर घर जसं आधी वरखर्चाला कात्री लावतं तसं शरीर करतं. ऊब, केस, पाळी हे त्याच्या लेखी वरखर्च. हृदय आणि मेंदू चालवायला जे लागतं ते मात्र ते वसूल करतंच, अंगातले स्नायू मोडून करतं.

हे इतके महिने कुणाच्या लक्षात का आलं नाही, यावर मी खूप विचार केला आहे. आपल्या घरांत बाईनं कमी खाणं हे काळजीचं कारण कधी नव्हतंच. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र. बाई उपाशी आहे म्हणजे बाई चांगली आहे. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या बायका पाहत आपण मोठे झालो. उपासाला माझा विरोध नाही. माझ्या सासूबाई आजही सोमवार करतात, मीही हरतालिका करते. पण एखाद्या दिवसाचा उपास आणि महिनोन्महिने अर्ध्याहून कमी खाणं यांतला फरक ओळखायची नजर त्या कौतुकामुळं मेली आहे. पुरुष जेवणावरून उठला तर घर विचारतं, काय झालं. बाई उठली तर म्हणतात, डाएट चालू आहे वाटतं.

पहिल्यांदा जाणवलं ते सासूबाईंनाच. गौरीच्या जेवणादिवशी वाण देताना माझा हात त्यांच्या हातात आला. "अगं, किती गार पडलाय हात! आणि दंड बघ, नुसती कातडी लोंबतीय. तुला बरं नाही," त्या म्हणाल्या. नवरा हसून म्हणाला, "आई, तिनं वजन उतरवलंय." त्या म्हणाल्या, "वजन मला दिसतंय. मी तिच्याविषयी बोलतीय."

पुढं दिवाळी आली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर सगळ्यांबरोबर फराळाला बसले. चिवडा, दोन चकल्या, एक करंजी. तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीतून खांद्यापर्यंत गेली. उलट्या झाल्या. ॲसिडिटी म्हणून गोळी घेतली, उपयोग झाला नाही. दुपारी मिरजेला नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक बारीक खडे दिसले. सर्जन बाईंनी पोटावर हात ठेवून विचारलं, "इतक्यात वजन भराभर कमी केलंत का?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न काळजीच्या सुरात पहिल्यांदाच आला आणि मला रडू फुटलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. चरबी वेगानं वितळते तेव्हा तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं. जेवणात स्निग्ध काहीच नसलं की पित्ताशयाला आकुंचन पावायचं कामच उरत नाही. दाट झालेलं पित्त तिथंच साचतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगानं वजन उतरलं, किंवा दोन खाण्यांत फार मोठं अंतर पडलं, की ही जोखीम वाढते. साडेसहाचं सूप आणि अकराची अंडी! तेलातुपाला बंदी! दिवाळीला पोटात एकदम तळण गेलं, पित्ताशय पिळलं गेलं आणि खडा तोंडाशी अडकला. दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय काढलं.

त्याच रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझा चार्ट मागवून घेतला आणि कागदावर बेरीज मांडली. साडेपाचशेच्या आसपास. मग त्यांनी शेजारी लिहिलं, ७८ किलो वजनाच्या तुम्ही नुसत्या पडून राहिलात तरी शरीराला तेराशेच्या आसपास लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोंच्या बाईसाठी दिवसाला १६६० कॅलरी धरल्या आहेत. "ताई, यातून चारशे-पाचशे कमी केल्या तरी वजन उतरतं," त्या म्हणाल्या. "सावकाश उतरतं, पण स्नायू राहतात."

मी त्यांना विचारलं की आठशे कॅलरींनी मधुमेह बरा झाल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या का. त्या म्हणाल्या, खऱ्या आहेत. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींवर ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर त्यांतले जवळपास निम्मे औषधांशिवाय साखरेच्या आजारातून बाहेर होते. पण त्यांना मिळणाऱ्या मिश्रणात प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या आणि तपासणी चालू होती. जिथं वजन फार वेगानं उतरवायचं असतं तिथं खडे होऊ नयेत म्हणून डॉक्टर गोळीही देतात. ते औषधोपचार आहेत. छापील चार्टवर कुणाचं रक्त तपासलेलं नसतं.

बरं व्हायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागला तो खायला शिकण्यात. भाकरीबरोबर मटकीची उसळ, रात्री वरणभात, वर तूप, भाजीला फोडणी, सकाळी दूध. पहिल्या महिन्यातच चार किलो वाढले आणि जे बारीक झालीस म्हणत होते तेच "पुन्हा सुरू झालं का?" म्हणायला लागले. ते ऐकणं ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जड गेलं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते वाचून माझा जीव उडाला होता. आहारतज्ज्ञ बाईंनी वजनं उचलायचा व्यायाम, पोटभर प्रथिनं आणि धीर, एवढंच सांगितलं. सध्या मी ६७ वर आहे. साखर सरळ आहे, पाळी परत आली आहे, मेमध्ये पंखा लावून झोपते.

आता कुणी बारीक झालेली दिसली की मी कौतुक करत नाही, विचारते. आमच्या शाखेत नवीन लागलेली एक मुलगी, लग्न ठरलेलं, दुपारी डबाच उघडत नव्हती. मी तिला बाजूला घेऊन पाळीचं विचारलं, चक्कर येते का विचारलं. दोन्ही उत्तरं मला वाटलं तशीच आली. तिनं पर्समधून घडी घातलेला चार्ट काढला, आम्ही दोघींनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि आठशेही भरेनात. तिच्या आईला मी स्वतः फोन केला, रक्त तपासून घ्या म्हणून. हिमोग्लोबिन साडेआठ आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, लग्नाच्या ब्लाउजचं माप पुन्हा घ्यायचं ठरलं आहे आणि दुपारी ती आमच्याच टेबलावर डबा खाते.