खवीस, भानामती आणि फुरसुंगीचा बन्या

मराठवाड्यातल्या लोह्याच्या आमच्या घरात भुतं भरपूर आणि पुस्तकं कमी. आज्जीकडं खवीस होता, हडळ होती, विहिरीतल्या साती आसरा होत्या, मळ्याच्या वाटेवर माणसाला रात्रभर फिरवणारा चकवा होता. तिच्या गोष्टीला शेवट मात्र नसायचा. "मंग काय झालं?" असं विचारलं की "काय व्हायचंय? तापानं फणफणून गेलं की!" म्हणत ती कूस बदलायची. मग सगळी चुलत-आते भावंडं एका सतरंजीवर टक्क जागी. लघवीला जायचं तरी टोळीनं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती बुडवले होते. पुढं कितीतरी रात्री घरात झोपायची कुणाची छाती होईना. मोठी माणसं रेडिओला कान लावून, आम्ही अंगणात बाजेवर. त्या दिवसांत भुताच्या गोष्टींना नुसता ऊत आला होता. आता वाटतं, जमिनीच्या भीतीपेक्षा खविसाची भीती परवडत असावी.

छापील भीती आली ती चांदोबातून. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेऊन निघालेला विक्रम. शंकर यांचं ते चित्र तळहातानं झाकून आम्ही वेताळाची गोष्ट वाचायचो. काकांच्या उशाखाली वेगळा माल असायचा: बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, नारायण धारपांचे समर्थ. भाड्यानं आणलेली पुस्तकं ती. जाड दोऱ्यानं शिवलेली, कोपरे तेलकट, आणि शेवटची पानं हमखास गायब. खुनी कोण, हे मग ताई ठरवायची. तिचा खुनी बहुतेक वेळा मूळ लेखकापेक्षा बरा निघत असणार, असं आमचं आजही मत आहे.

पण आम्हाला वळण लावलं ते भा. रा. भागवतांनी. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, अंधारात काही हललं की पळायच्या आधी तिकडं डोकावायचा. तिथं चोर असायचा, भामटा असायचा. भूत असलंच तर त्याला पाय असायचे. आज्जीच्या गोष्टीत "काय होतं?" असं विचारायचं, भागवतांच्या गोष्टीत "कोण होतं?"

हा फरक पुस्तकापुरता राहिला नाही. मराठवाड्यात तेव्हा भानामतीची फार चर्चा. पेटीतले कपडे पेटतात, पत्र्यावर दगड पडतात, बाईच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. ओसरीवर अशीच चर्चा चालली होती, तेव्हा आतून ताई म्हणाली, "बिब्बा कुणाच्या हाताला लागलाय, ते बघा की." बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, ते लावणाऱ्याच्या बोटावरही राहतं! "काय बोलूलालीस गं?" म्हणून आज्जी खेकसली, पण ओसरी गप्प झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते भानामतीच्या घरी जाऊन हेच शोधायचे: करणारा हात कुणाचा, आणि त्या माणसाला दुःख कसलं. पुढं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भानामतीचं नाव आलं.

आमचं स्वतःचं एक रहस्य मात्र कंधारकडं होतं. मानसपुरीला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे सापडलेत, राष्ट्रकूट काळातले. त्यातली दगडी पावलं बघून आमच्यातला सगळ्यात धाकटा आत्याच्या पदराआड शिरला होता. मोठ्यांचा वाद वेगळाच: पावलं एवढी, तर उभा देव केवढा? आणि तो मोडला कुणी?

या पावलांवर, कंधारच्या किल्ल्यावर, माळेगावच्या जत्रेतल्या रात्रीच्या घोडेबाजारावर बेतलेली, दहा-बारा वर्षांच्या पोरांनी सोडवायची रहस्यकथा आमच्या वाचनात अजून आलेली नाही. लिहिणाऱ्यांनो, घ्या मनावर. भूत हवं तेवढं घाला, पण त्याला पाय ठेवा. आणि शेवटची पानं घट्ट शिवून द्या.