पिकअप गेला कुठे?

आयटीत टेस्टिंग करणाऱ्यांना एक शब्द झोपेतही ऐकू येतो... 'नॉट रिप्रोड्युसिबल'. क्लायंट म्हणतो बग आहे, डेव्हलपर म्हणतो माझ्या मशीनवर तर मस्त चालतंय. तिकीट बंद! बग मात्र ऐन डेमोच्या दिवशी पुन्हा हजर. जुन्या डिझेल गाडीचा पिकअप मधूनच जातो ना, तो अगदी याच जातीचा आजार आहे. गाडी पूर्ण बंद पडली तर उलट सोपं असतं. टो करा, गॅरेजला द्या, पार्ट बदला. पण एरवी झकास पळणारी गाडी मध्येच कधीतरी दम टाकते आणि मिस्त्रीसमोर मात्र शहाण्या मुलासारखी वागते, तेव्हा काय कराल?

माझी गाडी २०१२ची. छोटी डिझेल हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हा आजार कुठल्याही टर्बो डिझेलला होऊ शकतो. त्या काळात आमच्या ओळखीतला जो तो डिझेलच घेत होता. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये मोकळे सोडले होते, डिझेलचे सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोन्हींच्या दरात एवढी दरी होती की हिशेब करायला कॅलक्युलेटर लागत नव्हता. बाबांनी रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून ही गाडी घेतली, सात-आठ वर्षं साताऱ्यात जपून चालवली. मग त्यांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला आणि किल्ली माझ्याकडे आली.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून साताऱ्याला, शनिवारी आई-बाबांना घेऊन पुण्यात डॉक्टरांकडे, रविवारी परत त्यांना सोडायला. २०२३च्या पावसाळ्यानंतर या रविवारच्या ट्रिपमध्ये गाडीने नाटकं सुरू केली. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. पुण्याकडे येताना बोगदा, म्हणून परतीला काही व्हायचं नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवलाय आणि गाडी हळूहळू मरत चाललीय. साठ, पन्नास, तीस. मागे ट्रकचे हॉर्न. आरशात काळा धूर. डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं, अर्ध्या मिनिटाने चालू केलं की गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी निघायची.

मागच्या सीटवर ज्यांना धड उठताही येत नाही असे बाबा. बाजूला आई, तोंडाने रामरक्षा. दोन महिन्यांत असं चार वेळा झालं.

आता सल्ल्यांचं म्हणाल तर आपल्याकडे गाडीबाबत आणि मूल रडण्याबाबत सल्ला द्यायला कोणालाही डिग्री लागत नाही. 'त्या पंपावर डिझेल भरू नकोस.' 'एक्स्प्रेस वेवर एकदा सणसणीत मार, कार्बन निघून जाईल.' 'विकून टाक, ईव्ही घे.' ईव्ही घ्यायला काय जातंय, पण फ्लॅटचा ईएमआय आणि बाबांचा फिजिओ भरल्यावर माझ्या सॅलरीत चार्जिंगची केबल तेवढी बसते.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने डिझेल फिल्टर बदलला. वाजवी होतं ते. फिल्टर जुना झाला होताच, आणि पिकअप गेला की पहिला संशय त्याच्यावर जाणंही बरोबर. त्याने छोटा स्कॅनरही लावला. 'काहीतरी कोड आला होता मॅडम, डिलीट केला.' कुठला कोड? आठवत नाही! म्हणजे चोरीच्या ठिकाणी पोलीस आले आणि आधी फरशी पुसून घेतली. तुमची गाडी कोणी स्कॅन करत असेल तर आधी कोडचा फोटो घ्या, मग काय पुसायचं ते पुसू द्या. त्या कोडसोबत गाडीचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्या क्षणाची नोंदही ठेवतो. स्पीड किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं. कोड पुसला की ती नोंदही गेली.

पुढच्याच रविवारी पुन्हा तेच. मग मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे एसी लाउंज, कॉफी, आणि 'सोबत कोणी आलं नाही का मॅडम?' हा प्रश्न फ्री. त्यांनी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली, स्कॅनर कोरा निघाला, आणि एस्टिमेट हातात आलं बेचाळीस हजारांचं. पंप आणि चारही इंजेक्टर काढून कॅलिब्रेट करायचे. 'त्याने नक्की जाईल ना?' विचारलं, तर उत्तर आलं, 'करून बघू या.' बेचाळीस हजारांत करून बघू या! मी गाडी घेऊन निघाले.

नऱ्ह्यात एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बोनेटला हातच लावला नाही. स्टुलावर बसवलं आणि प्रश्न सुरू. गार असताना होतं की तापल्यावर? टाकी भरलेली असताना की रिकामी? एसी चालू होता? माणसं किती होती? बंद करून चालू केल्यावर लगेच बरी होते की थांबावं लागतं? धूर कुठल्या रंगाचा?

मी त्यांना फोनमधली नोट उघडून दाखवली. सवयच आहे हो, बग दिसला की स्टेप्स लिहायच्या. तारीख, गिअर, आरपीएम, डिझेलचा काटा, एसी, माणसं, सगळं होतं त्यात. चारही वेळा चढ, तिसरा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, इंजिन तासभर तरी चाललेलं, गाडीत निदान तीन माणसं. टाकी दोनदा भरलेली, दोनदा पावच्या आसपास. एकटी जाताना शुक्रवारी त्याच घाटात एकदाही नाही. आणि एका नोंदीपुढे लिहिलेलं, 'बाबा: हवा'.

मामा तिथे थांबले. 'हे काय?'

बाबांना फार शब्द फुटत नाहीत. त्या दिवशी घाटात ते दोनदा 'हवा, हवा' म्हणाले होते. आईने काच खाली केली. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. मी ते तसंच लिहून ठेवलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. पण त्यांनी मला जो फंडा समजावला तो आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. ताकद हवी तर दोन गोष्टी हव्यात, भरपूर डिझेल आणि ते जाळायला भरपूर हवा. डिझेलची बाजू म्हणजे टाकी, फिल्टर, पंप, रेल नावाची जाड नळी आणि इंजेक्टर. हवेची बाजू म्हणजे एअर फिल्टर, टर्बो, टर्बोने तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर आणि त्यांना जोडणारे रबरी होज पाइप. पिकअप गेला म्हणजे यातली एक बाजू उपाशी आहे. कुठली, हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

धूर इथे चुगली करतो. डिझेल कमी पडत असेल तर गाडी ओढत नाही, पण सहसा काळा धूरही सोडत नाही, कारण जाळायलाच काही नसतं. हवा कमी पडली तर डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. आणि बंद-चालू केल्यावर गाडी लगेच सुधारते याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की गाडीच्या कॉम्प्युटरने काहीतरी गडबड पाहून स्वतःच ताकद कापली होती. याला लिंप मोड म्हणतात. इंजिनचं नुकसान होऊ नये म्हणून लंगडत का होईना घरी जा, अशी सोय. पुन्हा चाबी फिरवली की तो ताजा हिशेब मांडतो. पुढच्या चढापर्यंत!

'आता हिला पकडायची तर खंबाटकीच करायला पाहिजे,' मामा म्हणाले. नऱ्ह्याहून खंबाटकी लांब, म्हणून जुना कात्रज घाट ठरला. तासभर गाडी फिरवून तापवली, एसी फुल, मागे मामांची दोन पोरं वजनाला. मी चालवत होते, मामा शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन. मी ऑफिसात पाच वर्षं 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस' लिहितेय, पण त्यात दोन धडधाकट पोरं प्रथमच घातली.

स्क्रीनवर चार आकडे होते. रेलमधला डिझेलचा दाब, कॉम्प्युटरने मागितलेला किती आणि प्रत्यक्षात मिळालेला किती. टर्बोच्या हवेचा दाब, तोही तसाच, मागितलेला आणि मिळालेला. उभ्या गाडीत रेलचा दाब अडीचशे-तीनशे बारच्या आसपास होता. चढावर तो बाराशेच्या पुढे गेला, आणि दोन्ही आकडे हातात हात घालून. मागितला तेवढा मिळत होता. म्हणजे फिल्टर, पंप, इंजेक्टर सगळे निर्दोष. माझे बेचाळीस हजार तिथेच वाचले.

तिसऱ्या वळणानंतर गाडी बसली. हवेचा मागितलेला दाब २१० किलोपास्कल, मिळालेला १३०. पुण्यात इंजिन बंद असतानाही साधी वातावरणातली हवा ९५च्या आसपास दाखवते, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेतली निम्म्याहून जास्त कुठेतरी वाटेतच सांडत होती. मामांनी एसीचा पंखा बंद केला, काचा वर घ्यायला लावल्या. आणि मग मलाही ऐकू आलं. टायरची हवा सोडल्यासारखा बारीक फुस्स आवाज, पायाजवळून कुठूनतरी.

'बाबा काय करायचे तुमचे?' मामांनी विचारलं. एसटीत होते, वर्कशॉपला, असं मी सांगितलं.

कोडही आला, पी ०२९९. म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. या वेळी मी फोटो काढला. आता एक गोष्ट लक्षात घ्या, हा कोड आला की पुष्कळ ठिकाणी थेट टर्बो बदलायला सांगतात. कोड सांगतो दाब कमी आहे. का कमी आहे ते सांगत नाही. टर्बो खरोखर गेलेला असू शकतो, त्याचा अ‍ॅक्चुएटर अडकलेला असू शकतो, त्याला जाणारी पेन्सिलएवढी व्हॅक्यूमची नळी चिरलेली असू शकते, ईजीआर व्हॉल्व्ह कार्बनने उघडा राहिलेला असू शकतो. यातल्या काही दुरुस्त्या शंभर-दोनशेच्या आहेत.

आमचा गुन्हेगार निघाला इंटरकूलरचा खालचा होज पाइप. वरून बघितला तर ठणठणीत. मामांनी गाडी उचलून खालून बघितलं, तेव्हा क्लॅम्पच्या लगेच खाली तेलकट काळा डाग दिसला. टर्बोच्या पाइपांत तेलाची थोडी वाफ असतेच. जिथून हवा निसटते तिथे ती बाहेर चिकटते आणि धूळ धरते. पाइप पिळला तशी इंचभराची चीर माशाच्या तोंडासारखी उघडली. सोडला की मिटली, दिसेनाशी! गार असताना रबर कडक, चीर बंद. एकटी मी, सपाट रस्ता, दाब कमी, चीर बंद. तासभर तापलेलं मऊ रबर, चढ आणि भरलेली गाडी एकत्र आली की चीर तोंड उघडणार. सपाट रस्त्यावर ती कोणाला सापडणार होती?

नवा पाइप आणि दोन क्लॅम्प मिळून अठराशे, मजुरी सहाशे. मामा घाटात चाचणी घेतल्याचे वेगळे पैसे घेईनात, तेव्हा पोरांना मिसळ खायला घातली.

प्रत्येकाच्या गाडीत पाइपच निघेल असं नाही, हे मामांनी दोनदा बजावलं. त्या स्क्रीनवर रेलचा दाब पडताना दिसला असता तर आम्ही उलट दिशेला गेलो असतो. मग फिल्टर, टाकीतली जाळी, आणि गाडी कुठे 'एअर घेतेय' का ते. त्यासाठी डिझेलच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावतात, बुडबुडे दिसले की कुठलातरी जोड हवा ओढतोय. इंजेक्टरवर संशय असेल तर चौघांच्या रिटर्नला चार बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघतात. हे सगळं पंप उघडण्याच्या आधी. आणि डिझेलही बरोबर, हवाही बरोबर, तरी पिकअप जात असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर किंवा कुठेतरी घासलेली वायर. फक्त पावसातच होत असेल तर एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हल्ली हजाराच्या आत मिळतो आणि फोनवर आकडे दाखवतो. पण तो शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. घाटात तर नाहीच नाही.

त्यानंतरच्या रविवारी चौघं होतो, भाऊही आला होता. एसी फुल, खंबाटकी, तिसरा गिअर. गाडी वर जाऊन टेकडीवर उभी राहिली तेव्हा आईची रामरक्षा अर्ध्यातच होती. मी बाबांना तो चिरलेला पाइप दिला, मामांकडून मागून आणला होता. त्यांनी उजव्या हाताने, जो अजून चालतो, तो पिळून बघितला. दोन-तीनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'दुसरा?'

वरचा होज पाइपही त्याच वयाचा होता. तो दिवाळीआधी बदलून घेतला.